वाचकांचे प्रश्न : माळ्यावरचा टीव्ही आणि कपाटातले फोन

प्रश्न : आमच्या माळ्यावर १९९८ साली घेतलेला २१ इंची टीव्ही, एक संगणक आणि त्याचा जुना जाड मॉनिटर पडून आहे. भंगारवाला तिन्हींचे मिळून ४०० रुपये देतो म्हणतो. माझी मुलगी मात्र हे बेकायदेशीर असल्याचे सांगून अडून बसली आहे. खरे काय? – एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या मुलीचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनी मुख्य जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि १००० किंवा त्याहून अधिक उपकरणे वापरणाऱ्या मोठ्या संस्थांनाही आपला ई-कचरा नोंदणीकृत व्यावसायिकांकडेच द्यावा लागतो. घरातला एक टीव्ही भंगारात दिला म्हणून आपल्या दारात कोणी दंडाची पावती फाडायला येणार नाही. नियमांचा भंग होतो तो नोंदणी नसताना अशा वस्तूंतून धातू काढण्याचा धंदा केल्यामुळे.

तथापि, कायद्यापेक्षा ते ४०० रुपये कशाचे आहेत, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. काही वर्षांपूर्वी एका भंगाराच्या दुकानात हे काम मी उभा राहून पाहिले. कामगाराने टीव्हीचे मागचे झाकण काढले आणि पिक्चर ट्यूबच्या मानेवर हातोडीचा एक टोला दिला. ट्यूब आतून निर्वात असल्यामुळे फस्सकन हवा आत शिरली, मग मानेभोवतीची तांब्याची गुंडाळी त्याने ओढून काढली, वायरी एका पोत्यात टाकल्या, सर्किट बोर्ड दुसऱ्या पोत्यात टाकला, आणि दहा मिनिटांत उरली ती केवळ काच. तिला गिऱ्हाईक नव्हते. दुकानामागच्या नाल्याकडेला आधीच्या काचांचा ढीग होता, त्यावर ती जाऊन पडली.

आता गंमत अशी (गंमत म्हणायचे ते केवळ भाषेच्या सवयीने) की विष आहे ते त्या काचेतच. ट्यूबमधून बाहेर पडू पाहणारे क्ष-किरण अडवण्यासाठी तिच्या मागच्या, नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत सुमारे एक-पंचमांश इतके शिशाचे ऑक्साइड मिसळलेले असते, आणि पडद्याच्या आतल्या बाजूला फॉस्फरची, म्हणजे चित्र उजळवणाऱ्या रसायनाची, बारीक भुकटी चिकटलेली असते. वायरी पुष्कळदा उघड्यावर जाळून तांबे मोकळे केले जाते आणि त्यांवरच्या पीव्हीसी प्लॅस्टिकच्या धुरातून डायॉक्सिन हे विषारी द्रव्य बाहेर पडते. बोर्डांचा व्यवहार आणखी लांबचा असतो. दिल्लीतील सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातील मुरादाबाद ही नावे या संदर्भात वर्षानुवर्षे घेतली जात आहेत. तिथे उघड्या हातांनी आम्लात बोर्ड बुडवून धातू वेगळे केले गेल्याचे पुष्कळांनी नोंदवले आहे. म्हणजे आपल्या ४०० रुपयांत काचेची, धुराची आणि आम्लाची विल्हेवाट लावण्याचा खर्च धरलेलाच नसतो. तो त्या वस्त्यांकडून वसूल होतो. नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याला तो स्वतः करावा लागतो, म्हणूनच त्याचा भाव कमी असतो, आणि ट्यूबच्या टीव्हीला तर तो काहीच देणार नाही असे गृहीत धरून चालावे.

यात भंगारवाल्याला खलनायक ठरवणे मला पटत नाही. दारोदार फिरून वस्तू गोळा करण्यात आणि चालू सुटे भाग दुरुस्तीवाल्यापर्यंत पोहोचवण्यात त्याचा हात धरणारे कोणी नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचराही गोळा करते, आणि अशी सोय जिथे आहे तिथे वस्तू अवश्य तिच्याकडे द्याव्यात. अन्यत्र महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडील यादीतून जवळचा नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्ता शोधावा, किंवा टीव्हीच्या कंपनीच्या ग्राहकसेवा क्रमांकावर जुना संच परत घेण्याची व्यवस्था विचारावी. कोणालाही द्या, पण वस्तू अखंड द्या आणि पावती मागा. तांबे आधी काढून विकायचे आणि काच तेवढी ‘पर्यावरणासाठी’ द्यायची, असला चतुरपणा कृपया करू नये.

प्रश्न : घरात ५ जुने फोन आहेत. त्यांत सोने असते असे ऐकले, म्हणून टाकवत नाही. आणि आतल्या फोटोंमुळे देववतही नाही. – एक वाचक, ठाणे

उत्तर : सोने असते, हे खरे. टोकियो ऑलिंपिकची पदके बनवण्यासाठी जपानमध्ये सुमारे ६२ लाख मोबाइल आणि जवळपास ७९ हजार टन लहान उपकरणे गोळा करण्यात आली, तेव्हा त्यांतून ३२ किलो सोने निघाले. आपल्या ५ फोनांचा हिशेब आपणच करावा.

फोटोंची काळजी मात्र रास्त आहे. चालू फोनमधून आधी गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडावे, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे आणि मग फॅक्टरी रीसेट करावे, म्हणजे फोनमधली सगळी माहिती पुसून तो कोरा करावा. खाते तसेच ठेवून रीसेट केल्यास फोन पुढच्या माणसाच्या हाती कुलूपबंद राहू शकतो आणि दुरुस्त करून वापरता येण्याजोगी वस्तू भंगारात जाते. बंद पडलेल्या फोनसाठी दुसऱ्या उपकरणावरून आपल्या खात्यातील त्याची नोंद काढून टाकावी, पासवर्ड बदलावेत आणि माहिती नष्ट केल्याचे प्रमाणपत्र देणाऱ्याकडेच तो सोपवावा. फोनला भोके पाडण्याचा उपाय काही जण सुचवतात. आत बॅटरी असताना तो निव्वळ आगीला आमंत्रण आहे. पहिल्या प्रश्नातल्या संगणकाची हार्ड डिस्क तेवढी वेगळी काढून ठेवली तर चालेल, कारण फाइल ‘डिलीट’ केल्याने किंवा घाईघाईने फॉरमॅट केल्याने तिच्यावरची माहिती पुसली जात नाही. अखंड देण्याच्या वरच्या नियमाला हा एवढाच अपवाद.

प्रश्न : पॉवर बँक फुगली आहे. घंटागाडीत टाकू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच नाही. घंटागाडीत कचरा दाबला जातो, आणि दाबलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. ती चार्ज करू नका, टोचू नका, उन्हात ठेवू नका. कोरडी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, पेट घेईल अशा वस्तूंपासून लांब ठेवा आणि पहिल्या संधीला संकलन केंद्रावर न्या. देताना ती फुगलेली आहे हे तोंडाने सांगा. इतर वस्तूंच्या पिशवीत गुपचूप घालू नका.