पावसात इमॅजिका: तयारी सोलापूरच्या पावसाची नको, खोपोलीच्या पावसाची करा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली इमॅजिकाची, म्हणजे खोपोलीजवळच्या त्या मोठ्या राइडच्या पार्कची, तिकिटं काढून झाली आहेत, सोबत सात आणि बारा वर्षांची दोन लेकरं आणि सासूबाई आहेत, आणि मोबाइलवर खोपोलीला रोज शंभर टक्के पाऊस दिसतोय. रद्द करावं की जावं, आणि जायचं तर काय न्यावं, असं तुम्ही विचारलंय. माझं मत आधीच सांगतो. हवामान खात्याचा रेड अलर्ट नसेल तर जा, लेकरांना मजा येईल. फक्त आपण सोलापूरकर पावसाची जी तयारी करतो तिच्या भरवशावर जाऊ नका. मी नोकरीसाठी काही वर्षं खोपोलीत राहिलोय, आता परत सोलापुरात आहे. दोन्हीकडचा पाऊस अंगावर घेतलाय म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

आपल्याकडे दुपारभर उकडतं, संध्याकाळी ढग भरून येतात, गडगडाट होतो, अर्धा-पाऊण तास धो धो पडतो आणि उघडतं. नव्या पेठेत एखाद्या दुकानाच्या पत्र्याखाली थांबलं की भागतं. म्हणून 'थांबेल की जरा वेळात' हे आपल्या अंगवळणी पडलंय. खोपोली सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. समुद्रावरून आलेले ढग घाटाला अडतात, वर चढतात आणि तिथेच रिकामे होतात. आपल्यापर्यंत पोचतं ते उरलंसुरलं. जुलैत तिथे सकाळी लागलेली धार रात्रीपर्यंत चालू राहू शकते, तीही वाऱ्यामुळे आडवी. तिथे आडोसा धरून थांबलात तर सगळा दिवस आडोशालाच जाईल. तेव्हा आपण भिजणार हे धरूनच निघायचं, आणि काय कोरडं ठेवायचं एवढंच नीट ठरवायचं.

आता अंदाजाचं. मोबाइलवरच्या त्या शंभर टक्क्यांना जुलैत काही अर्थ नाही. पाऊस पडणार एवढंच ते सांगतात, किती पडणार ते सांगत नाहीत. इमॅजिका खालापूर तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतं. त्यामुळे हवामान खात्याच्या मुंबई केंद्राचा रायगडसाठीचा इशारा बघायचा. सोलापूरचा तर नाहीच, पुणे शहराचाही उपयोग नाही. यलो अलर्ट असेल तर जा. जुलैत तिथे यलो ही रोजचीच गोष्ट. ऑरेंज असेल तर आदल्या रात्री आणि पहाटे पुन्हा बघून ठरवा. रेड असेल तर तारीख बदला, तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील. चोवीस तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पाऊस पडला की खातं त्याला अतिमुसळधार म्हणतं, आणि रेड अलर्ट साधारण त्याच्याही पुढच्या पावसासाठी असतो. आपल्याकडे अख्ख्या जून महिन्यात जेवढा पडतो, तेवढा किंवा त्याहून जास्त पाऊस तिथे एका दिवसात.

हे मी घाबरवायला सांगत नाही. पण १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली ती याच खालापूर तालुक्यात. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आडोशी बोगद्याजवळ २०१५ च्या जुलैत दरड आली आणि २०२३ च्या जुलैतही आली. लेकरं आणि म्हातारं माणूस बरोबर असताना अशा दिवशी घाटात उतरायचं नाही, यात मला दुसरं मत नाही.

तिकिटावरच्या अटी आजच नीट वाचा आणि पार्कला फोन करून तारीख बदलून मिळते का ते विचारा. पाऊस आला म्हणून पैसे परत, असं सहसा कुठल्याच पार्कात नसतं. तारीख बदलून मिळत असेल तर ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यातला मधला वार घ्या, पंधरा ऑगस्टची जोडून आलेली सुट्टी मात्र टाळा. कोकणात जुलैपेक्षा ऑगस्टमध्ये पाऊस कमी असतो आणि मध्ये मध्ये चांगली उघडीप मिळते. शनिवार-रविवारी जाऊच नका. पावसाळ्यात सगळं पुणं आणि मुंबई लोणावळ्याला लोटते आणि तुम्ही घाटात तासन्‌तास अडकून पडता.

पाऊस आला की सगळं बंद होतं का, ही तुमची मुख्य शंका दिसतेय. तसं होत नाही. उघड्यावरची मोठी राइड थांबते ती प्रामुख्याने विजा, जोराचा वारा किंवा फार जोराची सर यामुळे. ओल्या रुळावर ब्रेकची पकड कमी होते. शिवाय तिथल्या नायट्रोसारखा रोलर कोस्टर ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास पळतो, तेव्हा पावसाचे थेंब तोंडावर खड्यांसारखे बसतात, डोळे उघडता येत नाहीत. भुरभुर असेल तर बऱ्याचदा राइड चालू असते. तुमच्या दृष्टीने जमेची बाजू म्हणजे जुलैतल्या कोकणच्या पावसात विजा कमी असतात. विजांचा जोर जूनच्या सुरुवातीला आणि सप्टेंबर अखेरपासून ऑक्टोबरपर्यंत जास्त. ऑक्टोबरात आभाळ निळं दिसतं म्हणून लोक खुशीत जातात आणि दुपारी तीन वाजता गडगडाट सुरू झाला की उघड्यावरचं सगळं थांबतं. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलमध्ये घालून ठेवा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास उघड्यावर जायचं नाही, हा नियम लेकरांनाही सांगून ठेवा.

राइड बंद झाली आणि पाऊस थांबला की लगेच सुरू होईल असं समजू नका. आधी रिकामी गाडी फिरवून बघतात, सीट पुसतात, मग माणसं घेतात. त्यात बराच वेळ जातो. चिडून कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालणारी माणसं मी बघितली आहेत. बिचारे आपल्याच लेकरांच्या जिवासाठी थांबवतात.

म्हणून क्रम असा लावा. दार उघडायच्या आधी पोचा. त्या घडीला पाऊस नसेल किंवा भुरभुर असेल तर आधी उघड्यावरचं उरका: नायट्रो, स्क्रीम मशीन, डेअर टू ड्रॉप, मोठ्याला जे झेपेल आणि उंचीच्या पट्टीत जे बसेल ते. छताखालचं मागे ठेवा. डीप स्पेस अंधारातला बंदिस्त कोस्टर आहे, आय फॉर इंडिया बसल्या जागी भारत दाखवतं, रॅथ ऑफ द गॉड्स आहे, सलीमगड आहे. राजासॉरसच्या होडीत छताखाली असूनही पाणी अंगावर येतंच, ती ओल्या कपड्यांवरच उरका. सलीमगड धाकट्याला नको, तिथे अंधारात दचकवतात, रात्री झोपणार नाही. त्या दिवशी काय चालू आणि काय दुरुस्तीला बंद, ते आत शिरताच विचारून घ्या. मोठी सर आली की सगळी गर्दी एकदम छताखालच्या राइडकडे आणि खाण्याच्या जागी पळते, म्हणून जेवण बारा वाजायच्या आत उरकून घ्या. बाकीचे जेवायला बसतात तेव्हा तुमची रांग लहान असते. मधल्या वारी, पावसाच्या दिवशी, रांग टाळायचं महागडं तिकीट आधी घेऊ नका. गरज वाटली तर तिथे बघता येईल.

वॉटर पार्कचंही जोड तिकीट घ्यावं का असं विचारलंत. लेकरं सात आणि बाराची, महिना जुलै, तर माझा सल्ला नाही असा. पाणी गार, वारा गार, धाकटं तासाभरात कुडकुडायला लागेल. ते उन्हाळ्यात करा.

आता कपडे. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. जीन्स कोणीही घालायची नाही. भिजली की जड होते, दिवसभर वाळत नाही, आणि चालून चालून मांड्या आतून सोलपटतात. खेळाचे पातळ ट्रॅक पँट आणि टी-शर्ट घाला, ते अंगावरच वाळतात. सासूबाईंना पंजाबी ड्रेस चालत असेल तर उत्तम. साडीच हवी म्हणाल्या तर सिंथेटिक, जराशी आखूड नेसलेली. सुती इरकल तिथे नको, भिजलेला काठ पायात येतो. पायात मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. बुटात पाणी साचून टाचेला फोड येतात. साध्या चपला फरशीवर घसरतात, आणि नायट्रोवर पाय लोंबकळत असल्याने काढून ठेवाव्या लागतात.

छत्री आणाच, पण ती गाडीपासून दारापर्यंत आणि सासूबाईंसाठी. तिथल्या वाऱ्यात छत्री उलटते, रांगेत दुसऱ्याच्या डोळ्याला लागते. लेकरांना शर्ट-पँट असा दोन तुकड्यांचा रेनकोट घ्या. अंगावरून टाकायचा पातळ झगा राइडवर फडफडतो, काढायला लावतात, आणि पहिल्या सरीतच बगलेत फाटतो. घरी नळाखाली एकदा रेनकोट तपासून बघा: चेनवर पट्टी आहे का, खांद्याची शिवण गळते का. टोप्या चढवल्या की सगळी लेकरं सारखीच दिसतात, म्हणून तुमच्या दोघांना भडक रंग द्या, आणि टोपीच्या आतल्या बाजूला परमनंट मार्करने तुमचा फोन नंबर लिहा. पेनने हातावर लिहिलेला नंबर पहिल्या तासात धुऊन जातो.

टॉवेलबद्दल. आपण सोलापूरकर, घरातून निघताना चांगला जाडजूड टेरी टॉवेल पिशवीत जाणारच. तो पाणी मस्त टिपतो, पण एकदा भिजला की कोकणातल्या दमट हवेत दोन दिवस वाळत नाही, आणि ओला टॉवेल पाठीवर वागवायचा म्हणजे ओझं. आत नेताना पातळ पंचे न्या, माणशी एक. पिळला की पुन्हा वापरता येतो. टेरी टॉवेल गाडीत ठेवा, संध्याकाळी परत आल्यावर तोच लागणार आहे. तसंच प्रत्येकाचा आतल्या कपड्यांसकट एक पूर्ण कोरडा जोड गाडीतच राहू द्या. पार्कात कितीही भिजलात तरी त्याला हात लावायचा नाही. सीटवर मेणकापड अंथरा.

एक गोष्ट बेचाळीस अंशांत वाढलेल्या आपल्या लोकांच्या डोक्यातच येत नाही, ती म्हणजे थंडी. छताखालच्या राइड आणि शो एसीत असतात. भिजलेलं लेकरू पंधरा मिनिटं तिथे बसलं की ओठ निळे पडतात. आत शिरायच्या आधी दारापाशी रेनकोट काढून झटका, डोकं आणि मान पंच्याने कोरडी करा, आणि झिपलॉक पिशवीतून आणलेलं पातळ स्वेटर लेकराच्या अंगात घाला. बाहेर पडताना पुन्हा पिशवीत. हे दिवसभर करायला कंटाळा येतो, तरी करा. दुसऱ्या दिवशीचा ताप यानेच टळतो.

मोबाइल झिपलॉकमध्ये ठेवा, पैसे आणि गाडीची किल्लीही. रिमोटच्या किल्लीत पाणी गेलं तर संध्याकाळी गाडी उघडणार नाही, आणि हे कोणी लक्षात घेत नाही. ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही, गर्दीत रेंजही दगा देते, म्हणून थोडी रोख वेगळ्या पिशवीत आणि तिकिटांचा कागदी प्रिंट असू द्या. फोन भिजलाच तर लगेच चार्जिंगला लावू नका, पुसून वाऱ्याला ठेवा. तांदळात खुपसल्याने काही होत नाही, उलट पोर्टमध्ये पीठ जातं.

खाण्याचं. बाहेरचे पदार्थ पार्कात सहसा नेऊ देत नाहीत, त्यामुळे डबा गाडीत आणि प्रवासात खायचा. कडक भाकरी न्यायची असेल तर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात न्या. कागदात बांधलेली लोणावळा यायच्या आत मऊ पडते. शेंगा चटणी आणि धपाटे दोन दिवस सहज टिकतात. घाटात लेकरांना लागत असेल तर उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच द्या, घाट लागल्यावर देऊन उपयोग नाही.

प्रवास एका दिवसात जाऊन-येऊन करू नका. सोलापूर ते खोपोली सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत पुण्यापर्यंत रस्ता सरळ आहे, पण पुढे खंडाळ्यात धुकं उतरलं की समोरच्या गाडीचे दिवे तेवढे दिसतात. आदल्या दिवशी निघा आणि खोपोलीत मुक्काम करा. पुण्यात राहिलात तर पहाटे घाट उतरावा लागेल. रेल्वेने जायचं तर हुतात्मा किंवा वंदे भारतने पुण्यात उतरून पुढे गाडी करा, म्हणजे घाटात तरी रोजचा सवयीचा ड्रायव्हर मिळेल. पुढे कधी आषाढी वारीच्या दिवसांत निघालात, तर यवत-इंदापूर पट्ट्यात पालखीमुळे वाहतूक वळवलेली असते, तेवढं बघून घ्या. परतताना रात्री घाट चढू नका. त्या रात्रीही खोपोलीतच राहा आणि सकाळी उजाडल्यावर निघा.

सासूबाईंचं शेवटी लिहितोय, कारण ते तुम्हीच त्यांच्याशी बोलून ठरवायचं आहे. बीपी, गुडघे किंवा कंबरेचा त्रास असेल तर हलणाऱ्या सीटच्या राइड त्यांना नकोत, दारावरच्या पाटीवरही तसं लिहिलेलं असतं. बसून बघायचे शो त्यांना आवडतील. बाकी वेळ छताखाली बसायची जागा सकाळीच बघून ठेवा, आणि चुकामूक झाली तर सगळ्यांनी तिथेच यायचं असं लेकरांना ती जागा दाखवून सांगा. त्यांच्याजवळ एक फोन, गोळ्या आणि गरम चहाचा थर्मास असू द्या. थर्मास आत नेता येतो का ते पार्कला फोन कराल तेव्हाच विचारा. त्यांची फिरायची इच्छाच नसेल तर आग्रह करू नका. तुम्ही पार्कात असाल तेवढा वेळ त्या खोपोलीतल्या खोलीवर आराम करतील.