शोध घेतला की लावला?

प्रश्न असा आहे: 'नवव्या ग्रहाचा शोध' असा मथळा वाचून घरात सगळ्यांना वाटलं, ग्रह सापडला. आतली बातमी वाचली तर तो सापडलेलाच नाही. मग मथळा चुकीचा का?

चुकीचा नाही, अर्धवट आहे. मराठीत नुसता 'शोध' तपासणीचाही आणि सापडण्याचाही. कुठला ते क्रियापद सांगतं. शोध घेतात तेव्हा वस्तू हाती नसते. शोध लागतो तो विहिरीला पाणी लागावं, चोरीचा छडा लागावा, वाटेत गाव लागावं तसा. मायकेल ब्राउन आणि कॉन्स्टंटिन बॅटिजिन या खगोलशास्त्रज्ञांनी नेपच्यूनपलीकडच्या काही पिंडांच्या कक्षा एकाच बाजूला झुकलेल्या पाहून २०१६ साली नवव्या ग्रहाची कल्पना मांडली. तेव्हापासून त्याचा शोध घेतला जात आहे, लागलेला नाही.

खरा त्रास होतो तो 'टॉम्बोने १९३० साली प्लूटोचा शोध केला' या वाक्याचा. हे हिंदीतलं 'खोज की' जसंच्या तसं उचललेलं आहे. मराठीत शोध लावला म्हणतात. आणि 'हर्शेलने १७८१ मध्ये युरेनसचा शोध घेतला' हे तर व्याकरणाइतकंच इतिहासालाही सोडून आहे. हर्शेल कुठलाही ग्रह शोधत नव्हता. तारे तपासताना युरेनस समोर आला, आणि आधी त्याला तो धूमकेतूच वाटला. शोध न घेता लागलेला शोध! दोन क्रियापदं वेगळी ठेवली नाहीत तर हे सांगणार कसं?

आता शब्दाच्या मुळाकडे येतो. 'शोध' आला 'शुध्' या धातूपासून, म्हणजे स्वच्छ होणं. जुन्या मराठी रामकथांत हनुमंत सीताशुद्धीला जातो. तिथे शुद्धी म्हणजे ठावठिकाणा, खबर. त्यावरून काही व्युत्पत्तिकार सांगतात की खबर आणणं म्हणजेच शोध, आणि तिथेच थांबतात. पण खबरीला शुद्धी का म्हणावं, हे कुणी सांगायचं? स्वच्छतेपासून खबरीपर्यंतची वाट न दाखवता 'सं. शुध्' एवढं लिहून मोकळं होणं ही व्युत्पत्ती नव्हे, नोंद झाली.

माझ्या मते ती वाट वजाबाकीतून जाते. अमरकोशात 'शोधनी' म्हणजे केरसुणी. ऋणशोधन म्हणजे कर्ज फेडून टाकणं. आणि संस्कृत गणितात 'शोधन' म्हणजे चक्क वजा करणं. आर्यभटाने वर्गमूळ काढण्याच्या रीतीत 'वर्गाद् वर्गे शुद्धे' म्हटलंय, म्हणजे वर्गातून वर्ग वजा केल्यावर. नको ते काढत जायचं आणि उरेल ते पाहायचं, हाच शोध. सीतेची शुद्धी आणणं म्हणजेही ती जिथे नाही अशी एकेक जागा बाद करत जाणं.

ग्रहांच्या शोधाला हा अर्थ इतका चपखल बसतो की मी तो सोडायला तयार नाही. युरेनस गणिताप्रमाणे चालत नव्हता. ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने त्याच्या गतीतून गुरू-शनीची ओढ वजा केली, आणि उरलेल्या फरकावरून पलीकडच्या ग्रहाची जागा काढली. २३ सप्टेंबर १८४६ रोजी त्याचं पत्र बर्लिनला पोहोचलं आणि त्याच रात्री तिथल्या वेधशाळेतल्या योहान गालेला नेपच्यून दिसला, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत. पुढे पर्सिव्हल लोवेल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने युरेनसच्या गतीत तरीही उरलेल्या बाकीवरून 'एक्स' ग्रह मांडला. त्याच्या वेधशाळेत टॉम्बोला प्लूटो सापडला खरा, पण ती बाकी फेडण्याइतकं वजन प्लूटोत नव्हतं. १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ हे यान नेपच्यूनजवळून गेलं, नेपच्यूनचं वस्तुमान नेमकं कळलं, आणि १९९३ साली खगोलशास्त्रज्ञ माइल्स स्टँडिशने ते घालून युरेनसवरच्या ओढीचा पुन्हा हिशेब केला. बाकी उरलीच नाही! 'एक्स' ग्रह चुकीच्या वजाबाकीत जन्मला होता.

संशोधनातला 'शोध' हाच. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, म्हणून आपली घटनादुरुस्ती तिकडे 'संविधान संशोधन' होते. दोन्ही भाषांनी एकाच केरसुणीची दोन कामं वाटून घेतली आहेत.

नववा ग्रह गणिताप्रमाणे जिथे जिथे असू शकतो, त्यातल्या सुमारे ७८ टक्के शक्यता ब्राउन आणि सहकाऱ्यांनी २०२४ पर्यंत झाडून काढल्या. आता चिलीतल्या सेरो पाचोनवरच्या व्हेरा रुबिन वेधशाळेकडे डोळे लागले आहेत. तिथे नव्या छायाचित्रातून जुन्यावरून बेतलेलं छायाचित्र वजा करतात. जागचे न हललेले, न बदललेले तारे पुसले जातात आणि हललेले किंवा तेज बदललेले ठिपके तेवढे उरतात. आर्यभटाच्या शब्दात हे शोधनच. त्यातून ग्रह हाती आला की मथळ्यात 'लागला' लिहावं, तोवर 'शोध सुरू'.