हार्मोनमुळे गाठ, मग हार्मोनचीच गोळी कशाला?

ताईंनी पर्समधून लेट्रोझोलची, म्हणजे हार्मोन थेरपीच्या गोळ्यांची, अर्धवट स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, रेडिएशन सगळं आटोपलेलं. चार महिने गोळ्या घेतल्या आणि मग तीन आठवड्यांपूर्वी, घरात कुणाला न सांगता, बंद.

"गाठ हार्मोनवर वाढते म्हणाले आणि वर हार्मोन थेरपी! आगीत तेल ओतायचं का, मॅडम?"

हे मी वरचेवर ऐकते. घोळ नावाचा आहे. या उपचारात हार्मोन देत नाहीत, त्याची रसद तोडतात.

त्यांच्या रिपोर्टवर 'ईआर पॉझिटिव्ह'खाली लाल पेनाच्या दोन रेघा होत्या. पॉझिटिव्ह म्हणजे वाईटच, असं त्यांनी धरलेलं. स्तनाच्या कॅन्सरच्या १० पैकी ७-८ गाठी हार्मोनवर पोसणाऱ्या असतात. अशा गाठींच्या पेशींत इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे त्याला बसायच्या जागा, असतात. ईआर म्हणजे हेच. इस्ट्रोजेन तिथे जाऊन बसलं की पेशीला वाढायचा हुकूम सुटतो. पॉझिटिव्ह म्हणजे गाठीचं खाणं कळलं, म्हणून ते तोडताही येतं.

"पण माझी पाळी जाऊन सहा वर्षं झाली. आता कुठलं इस्ट्रोजेन?"

प्रश्न अगदी रास्त. अंडाशय थांबतात, पण मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बनवत राहतात आणि शरीरातली चरबी अरोमाटेज नावाच्या एन्झाइमने त्याचं इस्ट्रोजेन करते. थोडंच, पण गाठीला तेवढं पुरतं. लेट्रोझोल हे एन्झाइमच अडवतं. टॅमॉक्सिफेन या दुसऱ्या गोळीची तऱ्हा निराळी, ते रिसेप्टरवर स्वतःच जागा अडवून बसतं. पाळी चालू असलेल्या बायकांनाही ते देतात. (बीटसन नावाच्या स्कॉटिश सर्जनने १८९६ साली अंडाशय काढून गाठ आटवून दाखवली होती. इस्ट्रोजेनचा शोध तेव्हा लागायचाच होता!)

ताई ऐकत होत्या, पण उजव्या हाताने डाव्याची बोटं चोळत. मी नुसतं बोटांकडे बघितलं.

"सकाळी मूठच वळत नाही हो. गोळी बंद केल्यावर जरा सुटली."

खरं कारण हे होतं. या गोळीने सांधे आखडणं नेहमीचंच, पण बायका डॉक्टरांना सांगत नाहीत. जीव वाचला, आता बोटांचं काय रडायचं, असं वाटतं. डॉक्टर याच गटातली दुसरी गोळी देऊन बघू शकतात, व्यायामाने फरक पडतो, हाडांची तपासणीही करायची असते. पण त्यासाठी आधी त्यांना कळायला हवं.

ताईंनी स्ट्रिप उचलली. "राहिलेल्या आता एकदम घेऊ का?"

"एकदम मुळीच नाही," म्हटलं आणि डॉक्टरांचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.