समुपदेशन शिकणाऱ्या विद्यार्थिनीस पत्र

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अभ्यासाची सुरुवात कोणत्या सिद्धान्तापासून करावी, असे तू विचारले आहेस. कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञापासून कर. समुपदेशनातून माणसात बदल घडावा यासाठी त्यांनी १९५७ साली मांडलेल्या सहा अटींपैकी विनाअट स्वीकार, समानुभूती (समोरच्याचे म्हणणे त्याच्या नजरेतून समजून घेणे) आणि समुपदेशकाचा सच्चेपणा या तीन विद्यार्थ्यांना पाठ असतात. परंतु हा स्वीकार आणि ही समानुभूती समोरच्या व्यक्तीला थोडी तरी जाणवली पाहिजे, ही शेवटची अट बहुतेकांच्या वाचनातून निसटते. माझ्याही निसटली होती.

उमेदवारीच्या काळात माझ्यासमोर परीक्षेत नापास झालेला एक मुलगा बसला होता. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मी तेव्हा नुकतीच शिकलो होतो. घटना आपल्याला थेट दुःखी करत नाही, घटनेविषयीचा आपला दृष्टिकोन करतो, हे तिचे सूत्र मला इतके पटले होते की, ‘नापास होणे म्हणजे आयुष्य संपणे नव्हे’ हे मी त्याला अर्धा तास समजावत राहिलो. निघताना तो एवढेच म्हणाला, “बाबांना कसं सांगू, हे विचारायचं होतं.” चूक एलिस यांच्या सिद्धान्ताची नव्हती. मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली ही पद्धती तू मनापासून शीक. मात्र ज्या विचाराला आव्हान द्यायचे, तो त्या माणसाचाच आहे की आपण गृहीत धरलेला, याची खात्री ऐकल्यावाचून होत नाही.

आपल्या घरांत आपुलकी बहुधा सल्ल्यातूनच व्यक्त होते, आणि ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटातही ‘उपदेश’ बसलेला आहेच, त्यामुळे ही सवय सुटणे कठीण जाते. एखाद्या सहाध्यायिनीबरोबर वीस मिनिटे बस. सल्ला देऊ नकोस, तिचे म्हणणे तुझ्या शब्दांत तिला परत सांग आणि “असंच ना?” एवढेच विचार. ती “नाही, तसं नाही” म्हणाली, तर निराश होऊ नकोस, कारण बहुधा त्यानंतरच ती खरे बोलू लागते. ती गप्प झाली तर तूही थांब.

आत्महत्येचा विचार कोणी सूचित केला, तर मात्र स्पष्ट शब्दांत विचार आणि त्याच दिवशी मार्गदर्शकाला कळव. तेथे गोपनीयतेची मर्यादा येते, हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवत जा.

सहाध्यायिनीच्या परवानगीने सरावाचे ध्वनिमुद्रण कर, त्यातील दहा मिनिटे शब्दशः उतरवून मला पाठव, आणि जेथे तुला मध्येच बोलावेसे वाटले, तेथे समासात खूण कर.

तुझा,
सर