दोन फर्निचरचे सुटे भाग एकत्र मिसळून दिले, तर जोडायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की मालवणात तुमच्या मंडळाने गणपतीत स्पर्धा ठेवलीय: टीव्ही स्टँड आणि पुस्तकांच्या कपाटाचे भाग एकाच ढिगात, सोबत माहितीपत्रक नाही. मी सिंधुदुर्गात घरोघरी असंच फर्निचर जोडून देतो. माझं सांगणं एकच, आधी स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा आणि भोकं बघा.

रुंद बाजूवर 15 मिमीचं खोलगट भोक आणि त्याच्या समोर कडेत बारीक भोक असेल, तर ती बहुतेक आडवी फळी. मोठ्या भोकात कॅम लॉक बसतं, म्हणजे फिरवलं की बोल्ट आवळून धरणारी गोल चकती. 5 मिमीच्या भोकांची रांग, दोन भोकांत 32 मिमी अंतर, ती उभी बाजू. रांग कप्प्याच्या पिनांसाठी. पण हे माप बऱ्याच कारखान्यांचं सारखंच असतं, त्यामुळे रांगेवरून फळी कुठल्या फर्निचरची ते ठरवू नका. आडव्या फळीची कड उभीच्या भोकांना टेकवून बघा. भोकासमोर भोक आलं आणि दोघींची जाडीही एक असली, की जोडी पक्की.

पट्टी चिकटवलेली कड पुढे, पाठीच्या पातळ फळीची खाच मागे, आतल्या अंगाला. दोन्ही बाजू डाव्याच निघाल्या तर एक नक्की दुसऱ्या फर्निचरची.

आता आपल्या हवेचं. भाद्रपदात फळ्या जोडायच्या लाकडी खुंट्या दमट हवेने फुगतात. हातोडीने ठोकल्या तर पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची, कड फुटते, आणि फुटलेली कड स्क्रू धरत नाही. खुंट्या आदल्या दिवसापासून झाकणाच्या डब्यात ठेवायला आयोजकांना सांगा. तरी अडलीच तर पॉलिश पेपरने जरा घासा. मंडपाच्या ओल्या जमिनीवर फळ्या टेकवू नका, खाली ताडपत्री हवीच. पाण्याने फुगलेला बोर्ड वाळला तरी पहिल्यासारखा होत नाही.

कॅमचा बाण कडेच्या भोकाकडे करा, उभ्या फळीत बसवलेला बोल्ट त्या भोकातून आत सरकवा, मग कॅमला साधारण अर्धा फेरा. घट्ट लागलं की थांबा. सगळे सांधे आधी हलके लावा. पाठ ठोकण्यापूर्वी टेपने दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तर सांगाडा गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. नसेल तर लांब कर्णाचे कोपरे हलकेच आत दाबा, आणि मगच पाठीला खिळे मारा.