नेटवर्क आणि सिस्टीम ॲडमिनचं काम कॉलेजात हाताने करायला मिळत नाही, घरी कसं शिकू? पुण्याला क्लास लावू का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा की खान्देशातल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहेस, नेटवर्कच्या प्रॅक्टिकलला जर्नल लिहून घेतात पण खऱ्या स्विचला हात लागत नाही, घरी ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, आणि पुण्याला जाऊन महागडा क्लास लावावा का. वयाने लहान आहेस म्हणून तू म्हणतोय, राग मानू नको. मी जळगावात राहून आजूबाजूच्या जिनिंग, दालमिल, पतसंस्था, दवाखाने यांची नेटवर्कची आणि सर्व्हरची कामं बघतो, म्हणजे मोठ्या डेटा सेंटरमधला माणूस नाही, पण रोज हेच करतो.

पुण्याचं आत्ता राहू दे. क्लासवाले पण सुरुवातीला पॅकेट ट्रेसरच (स्क्रीनवर खोटे राउटर-स्विच जोडून सराव करायचं सॉफ्टवेअर) उघडून देतात आणि ते सिस्को या राउटर-स्विचवाल्या कंपनीच्या नेटवर्किंग अकॅडमीच्या साईटवर खातं उघडलं की फुकट मिळतं. खोलीभाडं, मेस, फी एवढं घालवून पॅकेट ट्रेसर शिकायला जायचं म्हणजे काय बोलायचं.

आता मुद्द्याचं. कॉलेजात कॉन्फिगर करायला शिकवतात, म्हणजे राउटरला आयपी दे, व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क) बनव, पिंग लागला, सही घे, संपलं. नोकरीत नेमकं उलटं असतं भाऊ, सगळं आधीच कोणीतरी कॉन्फिगर करून गेलेलं असतं, त्याने कुठे काय लिहून ठेवलेलं नसतं, आणि तुला फोन येतो तो फक्त बंद पडल्यावर. त्यामुळे बिघाड कसा शोधायचा हे शिकलास तर बाकीच्या कमांडा गुगल करून पण चालतात.

एक उदाहरण सांगतो म्हणजे कळेल. चोपड्याकडची एक जिनिंग, कापसाचा सीझन जोरात, सकाळी सकाळी फोन, वजनकाट्याचा कॉम्प्युटर सर्व्हरला लागत नाही, पावती निघत नाही, गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. दिवाणजी म्हणे नेट स्लो आहे. (आपल्याकडे काहीही झालं की नेट स्लो असतं, प्रिंटरचा कागद संपला तरी.) जाऊन बघतो तर काही मशीन मस्त चालू, काही बंद. केबल बघितली, लाईट लुकलुकतोय, ठीक आहे. मग काट्याच्या मशीनवर आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारलं, म्हणजे मशीनला कुठला पत्ता मिळालाय ते दाखवणारी कमांड. ऑफिसची रेंज १९२.१६८.१० ची, आणि या मशीनला मिळालाय १९२.१६८.०.१०३, आणि खाली डीएचसीपी सर्व्हरच्या (मशीनला आपोआप आयपी पत्ता वाटणाऱ्याच्या) ओळीत १९२.१६८.०.१. म्हणजे नेटवर्कमध्ये दुसराच कोणीतरी पत्ते वाटायला बसलाय.

मग एआरपी टेबलमधून (कुठला आयपी कुठल्या कार्डाचा याची यादी) त्या ०.१ चा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा नंबर, काढला, स्विचवर शो मॅक ॲड्रेस-टेबल मारून तो कुठल्या पोर्टवरून येतोय ते बघितलं, आणि त्या पोर्टची केबल धरून चालत गेलो तर ग्रेडरच्या केबिनमध्ये. तिथल्या पोराने मोबाईलला रेंज पाहिजे म्हणून घरचा जुना वायफाय राउटर आणून लावलेला, आणि भिंतीतली केबल वॅन पोर्टमध्ये (बाहेरून नेट घ्यायचा) लावायच्या ऐवजी लॅन पोर्टमध्ये (आतल्या मशीनचा) लावलेली. झालं, त्याचा डीएचसीपी सगळ्या ऑफिसला पत्ते वाटायला लागला. मग सगळेच का नाही बंद पडले? तर जी मशीनं रात्रभर चालूच होती त्यांची जुनी लीज (पत्ता वापरायची मुदत) शिल्लक होती, ती आपल्या जुन्या सर्व्हरशीच बोलत राहिली. सकाळी नव्याने चालू झालेल्या मशीनने ब्रॉडकास्ट केलं की मला पत्ता कोण देतं, आणि ज्याचं उत्तर आधी आलं त्याचा घेतला.

राउटर काढला, मशीनला रिलीज-रिन्यू केलं (जुना पत्ता सोडून नवा मागितला), पावत्या निघायला लागल्या. मग स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं, म्हणजे खऱ्या सर्व्हरच्या पोर्टला ट्रस्ट दिला आणि बाकी कुठल्याही पोर्टवरून पत्त्याची ऑफर आली तर स्विच ती टाकून देतो. आणि त्या पोराचा राउटर पण फेकला नाही, त्याचा स्वतःचा डीएचसीपी बंद केला, आयपी आपल्या रेंजमधला मोकळा दिला आणि लॅन पोर्टवरच ॲक्सेस पॉइंट म्हणून चालू ठेवला, त्याला पण व्हॉट्सॲप पाहिजेच ना.

आता बघ, यातला डीएचसीपीचा डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲकनॉलेज हा क्रम तू परीक्षेला नक्की लिहिला असशील. पण तो क्रम माहीत असल्यामुळे अर्ध्याच मशीन का बंद हे कळलं, नाहीतर मी पण तिथे स्विच रिस्टार्ट करत बसलो असतो आणि दिवाणजी माझ्या डोक्यावर.

घरी हे कसं करायचं? ८ जीबीत मस्त होतं. व्हर्च्युअलबॉक्स टाक (एका लॅपटॉपमध्ये अनेक खोटी मशीन चालवायचं सॉफ्टवेअर), त्यात डेबियन लिनक्स ग्राफिक्सशिवाय टाक, एका मशीनला १ जीबी रॅम पुरून उरते, अशी तीन मशीन बनव. एकाला दोन नेटवर्क कार्ड देऊन त्याला राउटर कर, दुसऱ्यावर डीएचसीपी, डीएनएस (नावावरून आयपी सांगणारा) आणि सांबा (फाईल शेअरिंग) लाव, तिसरा क्लायंट. राउटरचं बाहेरचं कार्ड नॅटवर ठेव आणि आतली सगळी कार्डं इंटर्नल नेटवर्क मोडवर, ब्रिजवर (थेट घरच्या नेटवर्कला जोडणारा मोड) नको, नाहीतर तुझा प्रॅक्टिसचा डीएचसीपी घरातल्या टीव्हीला आणि वडिलांच्या मोबाईलला पत्ते वाटेल आणि वरची जिनिंग तुझ्या घरात होईल.

हे सगळं उभं राहायला तुला वेळ लागेल, लागू दे. उभं राहिलं की खरी मजा आहे, एखाद्या मित्राला बोलव आणि त्याला सांग की मी चहा घेऊन येतो तोपर्यंत यात काहीतरी एक बिघडव, काय केलं ते सांगू नको. त्याने गेटवे चुकीचा टाकावा, रिझॉल्व्ह कॉन्फ फाईलमध्ये भलताच डीएनएस लिहावा, व्हार लॉग फोल्डरमध्ये भलीमोठी फाईल टाकून डिस्क भरून टाकावी, फाईलचा मालक बदलावा. तू खालून वर शोधत जा, लिंक आहे का, आयपी आहे का, गेटवेला पिंग जातो का, बाहेरच्या आयपीला जातो का, नाव रिझॉल्व्ह होतं का, सर्व्हिस त्या पोर्टवर ऐकतेय का, लॉगमध्ये काय लिहिलंय. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चार गोष्टी बदलून चालू झालं तर कशाने झालं हे कळत नाही. नंतर तू त्याचं बिघडव. आम्ही मित्र हेच करायचो, शिव्या पण खूप व्हायच्या.

अजून एक, रोज शेवटी सगळी मशीनं धाडकन बंद करून परत चालू करायची. आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत युपीएसच्या बॅटऱ्या लवकर मरतात, त्यामुळे सर्व्हर कधीतरी अचानक बंद होणारच. लिनक्सवर सर्व्हिस चालवायची कमांड सिस्टीमसीटीएल, तिने स्टार्ट केलं पण इनेबल केलं नाही तर लाईट आल्यावर ती सर्व्हिस उठत नाही. सिस्को स्विचवर केलेलं रनिंग कॉन्फिग (आत्ता चालू असलेलं) स्टार्टअपमध्ये (चालू होताना वाचलं जाणारं) कॉपी केलं नाही तर लाईट गेली की सगळं साफ. रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीची आरएचसीएसए ही ॲडमिनची परीक्षा पूर्ण प्रॅक्टिकल असते आणि तिथे पण हाच नियम आहे, रीबूट नंतर टिकलं नाही तर मार्क नाही.

लांबून काम करायची सवय पण आत्ताच लाव. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या साईटवर जळगावहून जायचं म्हटलं की अख्खा दिवस गेला, त्यामुळे एसएसएचने (लांबून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) आत शिरून आपणच आपल्याला बाहेर काढून बसलो तर फार महाग पडतं. एसएसएचचं कॉन्फिग बदललं की आधी एसएसएचडी डॅश टी ने तपास, आणि नवीन लॉगिन होतंय हे बघेपर्यंत जुनं सेशन बंद करू नको. फायरवॉल चालू करायच्या आधी २२ नंबरचा पोर्ट, म्हणजे एसएसएचचा, मोकळा कर. सिस्कोवर धोक्याचा बदल करायचा असला की आधी जुनं कॉन्फिग सेव्ह आहे ना ते बघून रीलोड इन १० टाकायचं, म्हणजे तू अडकलास तर १० मिनिटांनी डिव्हाईस रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर येतो, आणि सगळं नीट झालं तर रीलोड कॅन्सल मारून सेव्ह करायचं.

सबनेटिंग (पत्त्यांचे तुकडे पाडणं) तोंडपाठ कर पण डोकं लावून कर. समजा लॅबमध्ये ६० मशीन आहेत, स्लॅश २६ मध्ये ६२ पत्ते वापरता येतात, पुस्तकात उत्तर बरोबर. गेटवे ६१ वा, प्रिंटर ६२ वा, आणि पुढच्या आठवड्यात सरांनी ॲक्सेस पॉइंट आणला की जागा संपली. स्लॅश २५ दे ना बाबा, प्रायव्हेट पत्त्यांना काय पैसे पडतात.

केबलचं पण हाताने शिक, क्रिंपिंग टूल काही फार महाग नसतं. तांब्याची केबल १०० मीटरच्या पुढे नेऊ नको, आणि एका बिल्डिंगमधून दुसऱ्या बिल्डिंगमध्ये जायचं असेल तर फायबरच टाक, जूनमध्ये विजा कडाडल्या की बाहेरून आलेल्या तांब्याच्या केबलने स्विचचे पोर्ट जळतात, फायबरमधून करंट येत नाही. आणि सीसीटीव्हीच्या कामाला कमी समजू नको, आपल्याकडे बऱ्याच लोकांची सुरुवात कॅमेऱ्यापासूनच झालीये, पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणं), व्हीलॅन, स्टोरेज सगळं त्यात येतं.

सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) करावं का तर हो, पण डिप्लोमा झाल्यावर, आणि फी डॉलरमध्ये असते म्हणून पूर्ण तयारी झाल्याशिवाय फॉर्म भरू नको. क्लाउडचं विचारशील तर तिथे पण सबनेट, राउट टेबल, फायरवॉलचे नियम हेच आहे, फक्त ब्राउझरमध्ये.

आणि कॉलेजवर एवढ्यात रागावू नको, सरांपेक्षा लॅब असिस्टंटला धर. कपाटात किंवा स्क्रॅपच्या ढिगात एखादा जुना मॅनेज्ड स्विच असतोच, कुणाला पासवर्ड माहीत नसतो म्हणून पडलेला. परवानगी काढ, कन्सोल केबल (स्विच थेट लॅपटॉपला जोडायची) लाव, पुट्टी या टर्मिनल सॉफ्टवेअरमध्ये सिरियल, स्पीड ९६००. सिस्कोचा २९६० वगैरे असला तर समोरचं मोड बटण दाबून धरून पॉवर दे, स्विच कॉलन असा प्रॉम्प्ट आला की फ्लॅश इनिट कर, कॉन्फिग डॉट टेक्स्ट या फाईलचं नाव बदल आणि बूट मार, पासवर्ड न विचारता चालू होईल. जुनी फाईल डिलीट नको करू, त्यात कोणीतरी आधी काय काय करून ठेवलंय ते वाचत बस. अडलास तर खाली कमेंटमध्ये स्क्रीनचा फोटो टाक, बघू.