दशांश देते, सेवा करते, तरी आनंद का नाही?

“मॅडम, मी सारं करतो जी. दशांश देतो, चर्च झाडतो, चाळीस लोकायचा चहा करतो. पन आतून कोरडीच. माया विश्वास कमी झाला का?”

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बाजाराच्या दिवशी मी चर्चच्या पडवीत बसते. हा प्रश्न तिथं वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला अर्पण करणं. या मावशींची ओळख पटेल असं सगळं बदललंय. लिहायला त्यांची हरकत नाही.

आधी झोप, भूक, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे विचारून घेतलं. सेवेत मन लागत नाही म्हणून आलेल्या माणसाला कधीकधी नैराश्य असतं. तिथं बायबलचं वचन वाचून भागत नाही. दवाखाना लागतो, निदान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तरी. मावशींचं तसं नव्हतं.

मग विचारलं, “मावशी, एक महिना दशांश नाही दिला तर काय होईल?”

पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या कितीतरी वेळ गप्प बसल्या. “मालकाले पुन्हा काही झालं तं?”

नवऱ्याच्या आजारपणात त्यांनी नवस केला होता. गेल्या हंगामात कपाशी गुलाबी बोंडअळीनं खाल्ली. दशांश आणा, मी खाणाऱ्याला धमकावीन, असं बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात आहे. तो खाणारा म्हणजे हीच अळी, आपलाच दशांश कमी पडला, असं मावशींनी धरलं आणि बचत गटातून पैसे उचलून अर्पण केले. कृषी केंद्राची उधारी तशीच राहिली.

ऐकून माझा जीव तुटला. हा तर हप्ता झाला! हप्ता भरून सुटल्यासारखं वाटतं, तेही पुढच्या तारखेपर्यंत.

म्हणून आधी अळीवरच बोललो. “फरदड ठेवली होती?” “ठेवली जी, मार्चपर्यंत.” फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही आणखी कापूस मिळावा म्हणून पीक उभं ठेवणं. अशा उभ्या पराटीवर अळीला खायला मिळत राहतं, हे त्यांना ठाऊक होतंच, भीतीपुढं आठवलं नव्हतं. शेजारी नेमानं दशांश देणाऱ्यांचीही कपाशी गेलीच होती.

मग बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चौदावा अध्याय काढला. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा, मंदिरसेवा करणारा लेवी, परका, अनाथ, विधवा यांनी पोटभर जेवावं म्हणून. प्रेषित पौलही करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की ज्याच्याजवळ जे आहे, त्याप्रमाणेच देणं मान्य होतं.

“म्हंजे कर्ज काढून नाही?”

“नाही, मावशी.”

दोन गोष्टी ठरल्या. उसनं काढून अर्पण करायचं नाही. आणि आठवड्यातून एकदा, कोणाला न सांगता, परतफेड होणार नाही अशा घरी जायचं.

तिसऱ्या बाजाराला आल्या त्या सांगतच. गल्लीतल्या एका म्हातारीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यात थेंब टाकायला कोणी नव्हतं. म्हातारी आपल्या चर्चमधली नाही. मावशी सोल्याची भाजी घेऊन गेल्या, मग रोजच वेचणीहून येताना थांबू लागल्या. एकदा थेंब टाकताना म्हातारीनं त्यांचा हात धरून चाचपला. वाळल्या बोंडांनी बोटं सोललेली. तिनं उठून, भिंत धरत धरत, खोबरेल आणलं आणि एकेका बोटाला लावलं.

“माय गेल्यापासून कोनी लावलं नव्हतं जी,” मावशी म्हणाल्या. “घरी जाता जाता गीत म्हनत होतो, मलेच मग समजलं.”

‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ हे वचन त्यांना पाठ आहे. त्या दिवशी मी ते काढलं नाही. सांगून संतोष होत नाही, आणि पाळकांनीही धाक घालून थैली भरू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

चहाची भांडी आता महिला मंडळात पाळीनं घासतात. पण नवरा रात्री खोकला की मावशींच्या पोटात अजून गोळा येतो. त्यावर पुढच्या बाजाराला बोलायचं ठरलंय. म्हातारीचे थेंब टाकून मगच येतील.